चिंचोक्याचं घर

परीक्षा जवळ आल्या की आमच्या सोसायटीतले आवाज एकेक करून बंद होतात. आधी बॅडमिंटनची जाळी निघते. मग दुसऱ्या मजल्यावरचा तबला थांबतो. मग सायकलींना साखळ्या पडतात, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका एकमेकींशी कुजबुजत बोलायला लागतात, जणू प्रत्येक घरात कुणीतरी आजारी आहे. याच दिवसांत खारघरच्या टेकड्यांवरचं वाळलेलं गवत पेटतं आणि त्याची काळी, केसासारखी बारीक राख बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. ती झटकली तर डाग पडतो. फुंकर मारून उडवावी लागते.

यंदा जुईची बारावी. जुई माझी मुलगी, एकुलती एक. काल तिचं हॉल तिकीट आलं. तिने ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं. मी बघायला वाकले आणि माझ्या नाकात एकदम कापलेल्या प्लायचा वास भरला. आमच्या घरात प्लाय कापून दोन वर्षं उलटून गेली आहेत. भुसा त्याच दिवशी झाडून टाकला होता, फरशी फिनाईलने पुसली होती. तरीही फेब्रुवारी लागला की तो वास येतो.

ते तिचं दहावीचं वर्ष होतं. जूनमध्ये जुईच्या वर्गातल्या एका मुलीचं कुटुंब बंगळुरूला निघालं आणि जाताना त्यांनी आपला हॅमस्टर, उंदराच्या जातीचा पाळीव जीव, आमच्याकडे सोडला. मुठीत मावेल एवढा, तपकिरी, पोटाकडे पांढुरका. अंग आक्रसून झोपला की हुबेहूब भिजवलेल्या चिंचोक्यासारखा दिसायचा. जुईने त्याचं नाव चिंचोका ठेवलं. त्याच्याबरोबर एक पिंजरा आला होता. खाली गुलाबी प्लास्टिकचा ट्रे, वर पांढऱ्या तारा, आत एक चाक. सगळं मिळून आमच्या जेवायच्या ताटापेक्षा जरासंच मोठं. चिंचोका संध्याकाळी उठायचा आणि तारा चावायला लागायचा. कट-कट-कट. एकाच कोपऱ्यातली एकच तार. नाकावरचे केस घासून घासून गेले होते आणि तिथे लालसर कातडी दिसत होती.

"त्याला दात शिवशिवतात," मी म्हणायचे.

"त्याला बाहेर यायचंय," जुई म्हणायची.

आठवड्याभरात तिने एक वही केली. या प्राण्याला किती जागा लागते, किती खोल बिछाना लागतो, तो मुळात जमिनीखाली बोगदे करून राहणारा जीव कसा आहे, एकटाच कसा राहतो, उन्हाळ्यात खोल कसा जातो, हे सगळं तिने चित्रं काढून लिहिलं होतं. एका पानावर आमच्या हॉलमधल्या शोकेसचं माप होतं. साडेचार फूट लांब, दीड फूट रुंद. माझ्या लग्नात आलेलं ते शोकेस. सरकत्या काचांचं, आत कपबशा आणि जुईची चित्रकलेची ढाल. तिला त्याचा खालचा कप्पा हवा होता.

"आई, त्याचं एक वर्ष म्हणजे आपली चाळीसेक वर्षं. तो आत्ताच तिशीचा आहे."

मी वही वाचली. चांगली वही होती. ती बघून मला काय सुचलं ते लिहायला दोन वर्षं लागली. मला सुचलं की ही मुलगी यासाठी काहीही करील.

इथे मला माझ्या बालपणातलं काहीतरी सांगता आलं असतं. साताऱ्यातलं घर, कडक वडील, छडी. वाचणाऱ्याला बरं वाटतं, कारण कळतं. पण माझे वडील परीक्षेच्या दिवशी मला दही-साखर द्यायचे आणि पास झाले तरी नापास झाले तरी सिनेमाला न्यायचे. ही युक्ती मी कुणाकडून शिकले नाही. ती माझीच होती.

मी कागदावर लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. पहिली घटक चाचणी, ऐंशी टक्के: शोकेसचा कप्पा रिकामा करून मिळेल. सहामाही, पंच्याऐंशी: प्लाय, जाळी आणि बाकीचं सामान. खाली मी सही केली, जुईनेही केली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर ती आनंदाने उड्या मारत होती. माझा नवरा संतोष तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने फ्रिजसमोर उभं राहून ते वाचलं.

"आणि नाही पडले मार्क, तर काय त्या पिंजऱ्यातच राहणार व्हय तो?"

"पडतील," मी म्हटलं.

पडले. आणि तोवर चिंचोका पाच महिने ताटाएवढ्या जागेत तार चावत राहिला. त्याच्या हिशेबाने किती वर्षं, ते जुईने एकदा मला सांगितलं होतं. मी भाजी निवडत होते, ऐकल्यासारखं केलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घर बांधलं. ते दिवस मला अजून लख्ख आठवतात आणि त्याबद्दल मला माझीच चीड येते, कारण ते फार सुंदर दिवस होते. तळमजल्यावर म्हात्रेकाका राहतात. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या घरची भातशेती होती. जमीन गेली, बदल्यात फ्लॅट आले. तरुणपणी ते होड्यांची डागडुजी करायचे. त्यांच्याकडे अजून करवत, रंधा, पटाशा सगळं तेल लावून ठेवलेलं असतं. जुई हत्यारं मागायला गेली तर काका स्वतःच वर आले, शोकेसवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सागाचा हाय. कोनासाठी फोडताव?"

"हॅमस्टरसाठी," जुई म्हणाली, आणि पिंजरा दाखवला.

काका वाकून बघत राहिले. "उंदराला बंगला?" असं म्हणून इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग खाली बसले आणि करवत हातात घेतली.

शोकेसच्या पाठीची फळी आम्ही काढली आणि तिथे बारीक जाळी ठोकली, हवा खेळावी म्हणून. काचा तशाच ठेवल्या. पण बिछान्याचा कचरा काचेच्या खाचेत अडकू नये म्हणून आतून वीतभर उंचीची प्लायची पट्टी लावली. तिच्या कडा जुईने पॉलिश पेपरने घासून घासून लोण्यासारख्या मऊ केल्या. मी ऑफिसमधून पार्सलांचे कोरे खाकी कागद आणले. छापील कागद चालणार नव्हता, शाई लागते. तीन संध्याकाळी आम्ही दोघी फरशीवर पाय पसरून कागदाच्या पट्ट्या फाडत बसलो. कोपरापर्यंत हात जाईल एवढा थर झाला. त्यात सुकं गवत कालवलं. नारळाच्या करवंटीला काकांनी दार पाडून दिलं. फुटक्या माठाचा अर्धा भाग आम्ही खोल, कोपऱ्यात पुरला. "इथे गार राहील, उन्हाळ्यात तो इथे येईल," जुई म्हणाली. एका थाळीत वाळू ठेवायची होती, अंग घासायला. ती मी जुन्या कढईत फुटाण्यांसाठी भाजावी तशी भाजून दिली. चाक घरीच केलं, केकच्या मोठ्या डब्याचं, मध्ये जुईच्या जुन्या भिंगरीतलं बेअरिंग बसवून. ते फिरायचं तेव्हा आवाज यायचा नाही, फक्त वारा लागायचा.

त्या दिवसांत मी तिच्यावर एकदाही ओरडले नाही. माझी नखं कागदाने फाटली होती, केसांत भुसा होता. संतोष दारात उभा राहून म्हणाला, "दोघीच राहताय का या घरात?" आणि आम्ही त्याला काच धरायला लावली.

तिन्हीसांजेला चिंचोक्याला आत सोडलं. तो थोडा वेळ हलला नाही. चार पावलं गेला आणि थांबला, जणू पुढे तार लागेल अशी त्याची खात्री होती. मग आणखी चार. मग त्याने कागदात डोकं खुपसलं आणि तो नाहीसा झाला. दोन दिवस कुणाला दिसला नाही. तिसऱ्या दिवशी पट्टीच्या वर, काचेला लागून एक बोगदा दिसला, आणि त्यात त्याचं झोपलेलं अंग, श्वासाबरोबर वरखाली होणारं. जुईने वहीत त्या बोगद्यांचा नकाशा काढायला सुरुवात केली. धान्याचं कोठार कुठे, झोपायची खोली कुठे. नाकावर महिन्याभरात केस आले. त्या घरात असेपर्यंत त्याने एकदाही जाळी चावली नाही.

जानेवारीच्या शेवटी प्रिलिमचे मार्क आले. बीजगणित चाळीसपैकी एकवीस. भूमिती एकोणीस.

पालकसभेतून आम्ही रिक्षाने निघालो. जुई माझ्या बाजूला बसून ओढणीचं टोक पिळत होती. घरी आले, चपला काढल्या, हात धुतले आणि माळ्यावरून गुलाबी पिंजरा काढला.

"आई, काय करतेयस?"

मी काच सरकवली. हात कोपरापर्यंत कागदात घातला. त्याचे बोगदे माझ्या मनगटाखाली दबत गेलेले मला समजत होते. तो करवंटीत झोपला होता, उबदार. मी त्याला ओढून काढलं तेव्हा तो माझ्या बोटाला चावला. दात आत गेले, रक्त आलं. मी बोट सोडवलं नाही, त्याला तसाच पिंजऱ्यात टाकला.

"बघ, चावतोय," मी म्हटलं. जणू त्यामुळे माझं म्हणणं खरं ठरत होतं.

"त्याचा साठा तरी देऊ दे. खाली त्याने बिया जमवल्यात."

"नको. कचरा होईल."

पिंजरा मी शोकेसच्या वरच ठेवला. जुईचं अभ्यासाचं टेबल समोर होतं. मान वर केली की तिला दोन्ही दिसायचं. वर तो, आणि खाली काचेआड त्याचं रिकामं घर. मी ठरवून तसं ठेवलं होतं. मी तिला सांगितलं, क्लासच्या सराव पेपरात सलग तीनदा चाळीसपैकी पस्तीस किंवा जास्त मार्क आण, तो परत खाली जाईल.

चिंचोका पहिल्या संध्याकाळी तारांकडे गेला नाही. तो ट्रेच्या प्लास्टिकवर पुढच्या पायांनी उकरत राहिला. खर्र, खर्र. खाली घर होतं. वास येत असणार त्याला. दुसऱ्या दिवशी त्याने जुनी तार शोधून काढली.

जुईने पहिल्या पेपरात छत्तीस आणले. दुसऱ्यात सदतीस. मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारली. ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलंसुद्धा, मुलांना काय लागतं ते आपल्याला कळलं पाहिजे. तिसरा पेपर जुईने माझ्यासमोर ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. चौतीस. एक गणित बरोबर होतं, पण उत्तरात एकक लिहायचं राहिलं होतं. सेंटिमीटर. तेवढाच शब्द.

"आई, गणित बरोबर आहे. प्लीज."

मला त्या क्षणी तिला जवळ घेता आलं असतं. तिचं बोट त्या गणितावरच होतं. पण मला भीती वाटली की इथे सैल पडले तर सगळंच सुटेल, महिनाभराची मेहनत वाया जाईल. आणि भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मी आज लिहिते आहे. मला तिचं ते प्लीज आवडलं होतं. पंधरा वर्षांची, माझ्या खांद्याच्या वर गेलेली मुलगी, आणि माझ्या एका शब्दासाठी थांबलेली.

"ठरलं म्हणजे ठरलं," मी म्हटलं. "पुन्हा पहिल्यापासून तीन."

बोर्डाच्या आधी तीन सराव पेपर उरलेच नव्हते. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

एका रविवारी मी ऐरोलीला ऑफिसच्या कामासाठी गेले होते. परत आले तर जिन्यातच जुईचं हसणं ऐकू आलं. महिन्यात पहिल्यांदा. दार उघडलं. संतोष आणि ती शोकेससमोर पोटावर झोपले होते. पिंजरा उघडा होता. चिंचोका काचेआड वाळूत लोळत होता, चारी पाय वर.

संतोष उठून बसला. "अगं, जनावर हाय ते. त्याला काय कळतंय गणितातलं? तासभर सोडलाय फक्त."

मी पर्स खाली ठेवली आणि काच सरकवली. या वेळी चिंचोका चावला नाही. माझा हात दिसल्यावर तो जिथे होता तिथेच अंग चोरून बसला. तो तसाच हातात आला. जुईचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी वळले तेव्हा ती टेबलाशी बसून पुस्तक उघडत होती. संतोष म्हणाला, "तू लई पुढं चाललीस." मी म्हटलं, "तू मागे राहिलास म्हणून." त्यानंतर त्याने पुन्हा मध्ये पडायचा प्रयत्न केला नाही. हे मी त्याच्या बचावासाठी लिहीत नाही.

बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळपासून टेकडी पेटलेली होती. राख उडत होती, म्हणून मी घराच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. आमचा वरचा मजला, डोक्यावर गच्ची. हॉलची खिडकी नैऋत्येला. बारा वाजले की ऊन आत येतं. पंखा चालू ठेवला आणि जुईला घेऊन केंद्रावर गेले. बाहेर झाडाखाली इतर आयांबरोबर बसून राहिले. पेपर छान गेला होता. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "सगळं सोडवलं," ती म्हणाली. "एककंपण लिहिली." आम्ही उसाचा रस प्यायलो. रस्त्यात ती म्हणाली, "आई, आज सोडू या ना त्याला?" मी म्हटलं, "बघू."

बिल्डिंगखाली आलो तर लिफ्ट बंद. सकाळी दहापासून लाइट नव्हती. जिने चढून दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली, भट्टीचं झाकण काढल्यासारखी. उन्हाचा चौकोन बरोबर शोकेसवर पडला होता.

चिंचोका ट्रेमध्ये सपाट पडला होता. झोपताना तो नेहमी अंग आक्रसून घ्यायचा. आता सगळे पाय ताणलेले होते, जणू प्लास्टिकला जेवढं अंग लावता येईल तेवढं त्याने लावलं होतं. पाण्याची बाटली अर्धी भरलेली होती. खाली, काचेआड, कागदाच्या थरात हात घातला असता तर माठाचं खापर त्या वेळीही गार लागलं असतं. मी नंतर घालून पाहिला. गार होतं.

जुईने पिंजऱ्याचं दार उघडून त्याला हातात घेतलं. त्याच्या नाकावरून बोट फिरवलं. तिथले केस पुन्हा गेले होते.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी आई होते. माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं ते असं: "परवा भूमिती आहे."

"माहितीये," जुई म्हणाली. तिने त्याला माझ्या हातावर ठेवलं. "तू टाक कुठेतरी. मला अभ्यास आहे."

ती हात धुवून आली, टेबलाशी बसली आणि कंपासपेटी उघडली. मी तिथेच उभी. तिने वर्तुळ काढलं. हात अजिबात हलला नाही.

मी चिंचोक्याला खाकी कागदात गुंडाळून खाली नेलं. कुंपणाच्या भिंतीलगत बदामाचं झाड आहे, तिथे जरा माती मोकळी आहे. म्हात्रेकाका खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, काही न विचारता आतून पहार आणली आणि खड्डा केला. माती लोटून झाल्यावर म्हणाले, "गर्मीनी मेला?"

मी मान हलवली.

"पन आपन माठ पुरला व्हता ना त्याच्यासाठी? ऱ्हातं घर सोरून यो कुठं मेला?"

"पिंजऱ्यात होता," मी म्हटलं.

"पिंजऱ्यान कोनी ठेवला?"

मी वर बघितलं. आमच्या खिडकीची काच उन्हात चमकत होती. "धुवायला काढलं होतं घर," मी म्हटलं. काकांनी पहार हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. मग पहारीची माती पायाने पुसून आत गेले.

निकाल लागला तेव्हा जुईला गणितात शहाण्णव होते. शाळेत तिचा फोटो लागला. मी पेढे वाटले. वर्गाच्या आयांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, प्रिलिमला एवढे कमी होते ना, मग काय केलंत? मी लिहिलं, "थोडी शिस्त, थोडं प्रोत्साहन." खाली टाळ्या वाजवणारे हात आले, पंधरा-वीस. नणंद आली होती, तिने विचारलं, "आणि तो तुमचा उंदीर कुठाय गं?" मी काही बोलायच्या आत जुईने पेढ्याचा बॉक्स पुढे केला आणि हसून म्हणाली, "म्हातारा झाला होता, आत्या. दोनच वर्षं जगतात ते." तिने मला वाचवलं. माझ्याकडे न बघता वाचवलं, जसं आपण रस्त्यातल्या अनोळखी माणसाला वाट देतो.

सुट्टीत तिने ते घर मोडलं. एकटीने. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एकेक स्क्रू काढला, स्क्रू डबीत भरले, जाळीची गुंडाळी केली, कागद पोत्यात भरले. खालच्या कोपऱ्यात बियांचा साठा सापडला. ती थोडा वेळ त्याच्यापुढे बसून राहिली, मग तोही सुपलीत भरला आणि कचऱ्यात टाकला. मी म्हटलं, "जुई, मी चुकले." कित्येक दिवस मी ते वाक्य मनात जुळवत होते. तिने मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नाही आई. तुझी पद्धत बरोबर होती. मार्क आले की." ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी रडून मोकळी झाले असते. गणितातलं उत्तर पडताळून पाहावं तसं तिने ते पडताळलं होतं आणि बरोबर आलं होतं.

तेव्हापासून जुईने माझ्याकडे काही मागितलेलं नाही.

हे कळायला मला बराच काळ लागला, कारण काही न मागणारी मुलगी घरात असणं किती सोयीचं असतं! ताटात वाढलेलं सगळं ती खाते. आधी बटाट्याच्या काचऱ्या दिसल्या की उड्या मारायची, आता कारलं आणि काचऱ्या एकाच चेहऱ्याने. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर "काहीही चालेल." मी खोलीत गेले की कानातले इअरफोन निघतात, वही मिटते, मोबाईल पालथा पडतो. त्यात लपवण्यासारखं काही नसतं, मी एकदा चोरून पाहिलं. मागच्या महिन्यात मी कपड्यांच्या दुकानात तिच्यासाठी कुर्ता घ्यायला उभी राहिले. दुकानदाराने विचारलं, "मुलीला रंग कुठला आवडतो?" माझ्यासमोर त्याने निळा, पिवळा, राखाडी असे सात-आठ पसरले. मी काही न घेता बाहेर आले.

परवा रात्री जेवताना मी धीर करून विचारलं, "जुई, परीक्षा संपल्यावर काय करू या तुझ्यासाठी? मार्कांचा संबंध नाही. असंच."

तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "आई, रागावू नकोस. पण मला काय आवडतं ते तुला सांगायचं नाही, एवढं मी ठरवलंय."

संतोषने घास थांबवला. ती मात्र आमटी भुरकून संपवून उठली.

आणि आज संध्याकाळी भाजी घेऊन येताना गेटाशी म्हात्रेकाका भेटले. गेली दोन वर्षं ते माझ्याशी मोजकंच बोलतात. आज खुशीत होते.

"बाय, तुझी पोर हुशार हाय बरं का. रोज सांजचे आमच्या तल्यावं येते ना, तवा मना सगल्या पक्ष्यांची नावा सांगते. मी जल्म काडला खाडीवं, मना ठाव नाय. वही भरली हाय चित्रांनी. काल तं चिखलान बसली व्हती तासभर, एक बगला हालंना म्हनून ही पन हालंना."

गावाच्या टोकाला, खारफुटीला लागून, काकांचं मासळीचं एक तळं उरलं आहे. पाच ते सात जुई अभ्यासिकेत असते अशी माझी समजूत होती.

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काका बोलत होते आणि माझ्या डोक्यात एक विचार सरळ, स्वच्छ, तयार होऊन आला. फिजिक्सला प्रिलिममध्ये सत्तरपैकी एक्केचाळीस आहेत. पाचचा क्लास लावला तर तळं बंद होईल. पेपर चांगले गेले की मग जा म्हणावं. हा पहिला विचार होता. काकांचं वाक्य संपायच्या आत आला. दोन वर्षांचा पश्चात्ताप, ती भट्टीसारखी हवा, बदामाखालची माती, काही म्हणून त्याच्या वाटेत आलं नाही.

मी भिंतीला हात टेकला.

"काय जाला? चक्कर आली काय?"

"काका," मी म्हटलं, "तुम्ही मला हे सांगितलंत ते जुईला सांगू नका."

"कना? का नको?"

"तिला कळलं की मला माहीत आहे, तर ती यायची बंद होईल."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तसंच, मागे पहार हातात घेऊन पाहिलं होतं तसं. पण या वेळी त्यांना त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असावं. "नाय सांगनार," ते म्हणाले.

सातला जुई आली. मी कढी ढवळत होते. "आज अभ्यासिकेत फार गर्दी होती," ती दारातूनच म्हणाली.

"हो का?"

"हं." ती एक क्षण माझा चेहरा बघत थांबली. मी कढीकडे बघत राहिले, फुटू नये म्हणून बघावं तसं. मग ती पायांकडे न बघता बाथरूममध्ये गेली आणि दार लावलं. नळ सुटला. पायाचा चिखल धुवायला तिला बराच वेळ लागला. तोवर मी गॅस बारीक करून स्वयंपाकघरातच उभी राहिले, आणि फरशीवरचे ओले ठसे पुसून ती आपल्या खोलीत जाईपर्यंत बाहेर आले नाही.